चिखलदऱ्याला गेलेले सदस्य

मी फारशी बोलत नाही, म्हणून मला ग्रामपंचायतीला उभं केलं गेलं. हे विनयाने म्हणत नाही. आमच्या ओट्यावर बसून बापूसाहेबांनी पप्पांना हेच कारण दिलं होतं, आणि मी आत चहा गाळत होते.

"पोरगी शिकेल हाय, कागदपत्रं सारे तयार हायेत, अन् मेन म्हणजे तोंडात जीभ नाही. असाच सदस्य पाह्यजे आपल्याले."

पप्पा हसले. मी चहा नेऊन ठेवला आणि आत आले. माझ्याबद्दल इतकं नेमकं कोणी त्याआधी बोललं नव्हतं.

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालच्या बाजाराला जाणारं. मी शाळा शिकले शेगावात, इंग्रजी माध्यमात. नंतर अकोल्याला बी.एस्सी. केलं आणि परीक्षांची तयारी करायला घरी परत आले. घरात वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी आणि पुस्तकातलं मराठी, अशा तीन भाषांमध्ये वाढलेल्या मुलीचं एक होतं: कुठलीही भाषा तोंडातून काढण्याआधी ती दोनदा तपासते, तोवर समोरच्याचं बोलणं संपलेलं असतं. त्यामुळे मी गप्प मुलगी म्हणून प्रसिद्ध होते. आमच्या वॉर्डातली जागा महिलेसाठी राखीव निघाली आणि त्या गप्प बसण्याला अचानक भाव आला.

गावच्या निवडणुकीत पक्षांची चिन्हं नसतात. माणसं गट करून लढतात, त्याला पॅनल म्हणतात. आमच्याकडे पॅनल बापूसाहेबांचं. त्यांच्या स्वतःकडे पद कोणतंच नव्हतं, तरी पंचायतीची कुलपं त्यांना विचारूनच उघडायची. नऊ सदस्यांपैकी सात त्यांच्या पॅनलचे निवडून आले. चार पुरुष आणि आम्ही तिघी. उरलेल्या दोघी समोरच्या पॅनलच्या. सरपंचाची निवड मात्र थेट गावाने केलेली, आणि तीही जागा महिलेची. तिथे बापूसाहेबांनी उभं केलं शांताकाकूंना. शांताकाकू पिठाची गिरणी चालवायच्या. त्यांचे यजमान फार पूर्वी गेलेले. इतर गावांत सरपंचबाईंच्या नावाने त्यांचा नवरा कारभार करतो. इथे नवराच नाही, म्हणजे कारभार सरळ आपल्या हाती, असा बापूसाहेबांचा हिशेब होता.

सदस्याचं काम नेमकं काय असतं, असं पुण्याला गेलेल्या मैत्रिणी विचारायच्या. मी सांगायचे, महिन्यातून एकदा मिटिंग असते, ठराव होतात, दिवे, नाल्या, पाणी, घरकुलं. खरं तर पहिलं वर्षभर मलाही नीट माहीत नव्हतं, कारण मिटिंगला पप्पा जायचे. मीनावहिनींच्या जागी त्यांचे यजमान गजूभाऊ जायचे, आणि सुशीलाबाईंच्या जागी रामभाऊ. त्या दोघी म्हणजे आमच्या पॅनलच्या बाकीच्या महिला सदस्य. लग्नाच्या पत्रिकांत पप्पांच्या नावापुढे 'ग्रामपंचायत सदस्य' असं छापून येऊ लागलं. तालुक्याला सदस्यांचं प्रशिक्षण झालं, तिथे पुढच्या खुर्च्यांवर सगळे पती आणि वडील बसले आणि आम्ही मागे. साहेबांनी नियमांचं एक पुस्तक वाटलं. पुढच्या रांगेतल्या बहुतेकांनी ते वारा घ्यायला वापरलं आणि खुर्चीवरच ठेवून जेवायला गेले. मी माझं घरी आणलं. परीक्षेचा अभ्यास करायची सवय होती, त्यामुळे तेही वाचून काढलं.

लोक मात्र घरी यायचे, आणि ते माझ्याकडेच यायचे, कारण पप्पा शेतात असायचे. सगळ्यात नेमाने यायचे पुंडलिकआबा. त्यांची तक्रार अशी की घरासमोरचा खांबावरचा दिवा चालू आहे.

"बंद आहे?" मी पहिल्यांदा विचारलं.

"चालू हाय म्हणतो ना मी! रातभर डोयावर उजेड. म्हाताऱ्या माणसानं झोपाव काऊन नाही?"

समोरच्या घरातल्या बाईंना तोच दिवा हवा होता, कारण त्यांची सून आजारी असायची आणि परसाकडे जाताना अंधार नको. मी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि वायरमनला सांगून दिव्याचं तोंड थोडं फिरवून घेतलं. पुंडलिकआबा पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. मला वाटलं, आभार मानायला. ते म्हणाले, "आता अंधारात झोप येत नाही बाई." पाच वर्षांत मी गावासाठी जे काही केलं, त्याचा विचार करताना मला आधी हेच आठवतं.

पण सांगायचं आहे ते पाण्याचं.

आमचा पट्टा खारपाणपट्टा. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारट लागतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहात दूध फाटतं, आणि वर्षानुवर्षं ते प्यायलेल्या माणसांच्या किडन्या जातात. गोडं पाणी येतं धरणावरून पाइपाने, तेही काही दिवसांनी एकदा. ते आलं की पाइपाच्या सुरुवातीची घरं नळाला मोटर लावून पाणी ओढायची आणि शेवटच्या गल्लीतल्या नळातून नुसती हवा फुसफुसायची. ती शेवटची गल्ली माझ्या वॉर्डात. सुशीलाबाई तिथेच राहायच्या. त्यांच्या सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अकोल्याला न्यावं लागायचं, आणि घरी आल्यावर ते पुन्हा तेच खारट पाणी प्यायचे, कारण दुसरं नव्हतं.

शांताकाकूंनी हे बदललं. फार मोठं काही केलं नाही. व्हॉल्व्ह सोडायचा क्रम उलटा केला. पाणी आधी शेवटच्या गल्लीला, मग वर. ज्याच्या नळाला मोटर सापडेल त्याचं कनेक्शन तोडायचं, असा ठरावही केला, आणि पहिलं कनेक्शन तोडलं ते बापूसाहेबांचं. गिरणीवर कोणीतरी विचारलं, "काकू, ज्यानं उभं केलं त्याचाच नळ तोडला?" काकूंनी दळण थांबवून पिठाचे हात झटकले. "दयन सर्यायचं एकाच जात्यावर होते. त्यात बापूचं अलग काढता येते काय?" आमच्या घरचीही मोटर गेली. आई म्हणाली, बरं झालं, कानाची कटकट गेली.

काही आठवड्यांत अविश्वासाची नोटीस निघाली. हे कसं चालतं ते सांगते. सरपंच नको झाला की सदस्य सह्या करून तहसीलदारांना कळवतात. तहसीलदार सभा लावतात. तिथे चार भागांपैकी तीन भाग मतं बाजूने पडली तर प्रकरण पुढे गावासमोर जातं, नाहीतर तिथेच संपतं. आमच्यात सात मतं हवी होती. नोटिशीत कारण होतं 'मनमानी कारभार व सदस्यांना विश्वासात न घेणे'. पाण्याचा शब्दही नव्हता. सह्या सहा जणांच्या होत्या: चार पुरुष, मीनावहिनी, सुशीलाबाई. मी तेव्हा परीक्षेसाठी अकोल्याला होते. सहा सह्या पुरत होत्या म्हणून माझ्यासाठी कोणी थांबलं नाही. सातवं मत माझं, ते पप्पांनी बापूसाहेबांना सांगून टाकलेलं होतं.

नोटीस आणि सभा यांच्यामध्ये काही दिवस असतात, आणि त्या दिवसांत सदस्य फुटू शकतात. म्हणून त्यांना फिरायला नेतात. ही पद्धत मी निर्माण केलेली नाही आणि माझ्या गावानेही नाही. गाडी येते, सदस्य बसतात, सभेच्या दिवशी गाडी थेट पंचायतीसमोर थांबते. आमची गाडी चिखलदऱ्याला निघाली. निघण्याआधी जाणाऱ्या सगळ्यांनी मारुतीच्या पारावर नारळावर हात ठेवून शपथ घेतली.

आणि गाडीत कोण बसलं? चार पुरुष सदस्य, गजूभाऊ, रामभाऊ आणि पप्पा.

मी हे दारातून पाहिलं. पप्पांनी कपाटातला स्वेटर काढून घेतला होता. आईने विचारलं, "अन् हिले?"

"हिले कायले? बायकांले कुठं नेता तितं? त्या घरी बऱ्या."

गाडी गेली. कोणाच्याही लक्षात आलं नाही की सात मतांपैकी तीन मतं गावातच राहिली आहेत. बापूसाहेब राजकारणात मुरलेले होते, पण इतकी वर्षं त्यांनी नवऱ्यांनाच सदस्य म्हणून हाक मारली होती, तर ऐन वेळी त्यांना दुसरं काय सुचणार? त्या संध्याकाळी पप्पांच्या मोबाइलवरून फोटो आला. दरीच्या कठड्यापाशी सगळे ओळीने उभे, हातात भाजलेली कणसं. खाली लिहिलं होतं: सर्व सदस्य एकत्र.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुशीलाबाई आमच्याकडे आल्या, सोबत मीनावहिनी. इतक्या वर्षांत त्या दोघी माझ्याकडे अशा कधी आल्या नव्हत्या. आईने त्यांना आत बसवलं. सुशीलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मॅडम, एक विचारू? मी त्या कागदावर सही केली. आता मत देऊनच झालं काय माहं?"

"नाही. सही म्हणजे फक्त सभा बोलवा असं सांगणं. मत सभेत द्यायचं असतं."

"म्हणजे मत बाकी हाय?"

"हो."

त्यांनी बोटाचा पदर सोडला. मग म्हणाल्या, "आमच्या बुढ्याले महिन्यापासून गोडं पाणी भेटून राह्यलं. त्यायनं काल विचारलं, सुशे, हे पाणी कोणाच्या पुण्याईनं? मी काय सांगू? ज्या बाईच्या पुण्याईनं, तिलेच काढाले मी सही देली, असं सांगू?"

"रामभाऊंना सांगितलंत?"

"त्यायले सांगतलं. ते म्हणे, बापूसाहेबाले शब्द देला. आपल्या बापाच्या पाण्यापेक्षा बापूसाहेबाचा शब्द मोठा झाला, तं मी काय बोलाव?"

मीनावहिनी मुद्द्याच्या बाई. "हात वर करा लागते काय तितं?"

"साधारण हातच वर करतात. पण एखाद्या सदस्याने मागणी केली तर गुप्त मतदान घेतात. चिठ्ठीवर."

"मंग बेस झालं. तू माग."

"मी?"

"तं कोण? तुले इंग्रजी येते."

"इंग्रजीत नाही मागायचं, वहिनी."

"अवं पण बोलता तं येते. मी उभी राह्यली तं घरी गेल्यावर माहं काय होईन, तुले माहीत हाय. तुह्या बापानं तुले आजवर हात नाही लावला."

ते खरं होतं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी ते हो धरलं. आमच्यात कोण कोणत्या बाजूने मत देणार, हे तिघींपैकी कोणीच उच्चारलं नाही. उठताना सुशीलाबाई एवढंच म्हणाल्या, "चिठ्ठी असली तं मले पाह्यजे तसं करता येईन. एवढंच म्हणतो मी."

मी आरशासमोर ते वाक्य म्हणून पाहिलं. 'मी गुप्त मतदानाची मागणी करते.' नाटकातल्यासारखं वाटायचं. 'गुप्त मतदान पाहिजे.' उद्धट वाटायचं. तहसीलदार, सभागृह, पप्पांचा चेहरा, सगळं त्या आरशात मागे उभं राहायचं. मी आजवर इतक्या स्पर्धा परीक्षा दिल्या, त्यातल्या एकीतही तोंडी प्रश्नापर्यंत वेळ आली नव्हती.

सभेच्या दिवशी गाडी वेळेवर आली. सगळ्यांचे चेहरे थंडीने तांबूस झालेले, गजूभाऊंच्या गळ्यात नवा मफलर. पंचायतीच्या सभागृहात सगळे जाऊन बसले, आम्ही तिघी भिंतीकडेला. तहसीलदार आले, त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"मी नावं वाचतो. ज्यांची नावं आहेत तेवढेच थांबा."

त्यांनी नावं वाचली. पप्पा, गजूभाऊ आणि रामभाऊ यांना उठून बाहेर जावं लागलं. पप्पा दारातून जाताना माझ्याकडे बघून हसले. ठरल्याप्रमाणे कर, असं ते हसणं होतं. मग तिघंही जाऊन खिडकीच्या गजांपाशी उभे राहिले. बापूसाहेब तिथे आधीच होते. शांताकाकू खुर्चीत सरळ बसल्या होत्या, हात मांडीवर, कोणाकडेही न पाहता.

ठराव वाचून झाला. तहसीलदार म्हणाले, "बाजूने असतील त्यांनी हात वर..."

मी उभी राहिले. तोंडातून काहीतरी निघालं.

"जरा मोठ्याने बोला."

"गुप्त मतदान पाहिजे."

खिडकीतून बापूसाहेबांचा आवाज आला, "कायचं गुप्त? घरचाच मामला हाय, साहेब. पोरगी हाय ते, तिले समजत नाही."

तहसीलदारांनी खिडकीकडे पाहिलंही नाही. "सदस्य आहात का आपण?" बापूसाहेब गजांपासून मागे सरले. माझ्याकडे वळून तहसीलदार म्हणाले, "मागणी नोंदवली. बसा." मी बसले. मीनावहिनींनी पदराआड माझा हात घट्ट धरला होता, तो त्यांनी आपली चिठ्ठी येईपर्यंत सोडला नाही.

चिठ्ठ्या मोजल्या गेल्या. ठरावाच्या बाजूने सात हवी होती. पडली तीन.

मी तो आकडा मनात दोनदा तपासला. समोरच्या पॅनलच्या दोघींनी आणि आम्ही तिघींनीही विरोधात मत दिलं असं धरलं, तरी चार पडायला हवी होती. म्हणजे चिखलदऱ्याला जाऊन, नारळावर हात ठेवून आलेल्या चार पुरुषांपैकी निदान एकाने तरी शपथ मोडली होती. चिठ्ठी आम्ही बायकांसाठी मागितली होती. ती आणखी कोणाला हवी असेल, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं स्वतःचं मत काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. जे गुप्त राहावं म्हणून मी उभी राहिले, ते मीच कसं फोडू?

शांताकाकू सरपंच राहिल्या. त्यांनी कोणाचे आभार मानले नाहीत. कोणाचे मानायचे ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या गिरणी उघडायला गेल्या.

बापूसाहेबांनी आम्हा सातही जणांना तिथून सरळ पारावर बोलावलं. पप्पा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, फक्त "चाल" म्हणाले. पारावर बराच गाव जमला होता. मारुतीसमोर नारळ ठेवलेला.

"एकेकानं यायचं, नारळावर हात ठेवायचा, अन् म्हणायचं की मी ठरावाच्या बाजूनं मत देलं. ज्याले म्हणता येत नाही तो आपोआप समजते." बापूसाहेब आमच्याकडे, बायकांकडे बघून बोलत होते. मग म्हणाले, "पह्यले मोठे माणसं. नामदेवराव, या."

नामदेवकाका आमच्यातले सगळ्यात वयस्क सदस्य. मोटर लावणाऱ्या वरच्या घरांत त्यांचंही घर होतं. तरुणपणापासून ते बापूसाहेबांचे सोबती. मिटिंगमध्ये ते कधी उलट बोलल्याचं पप्पांकडूनही ऐकलं नव्हतं. ते उठले, नारळापर्यंत गेले, आणि हात न ठेवता तसेच उभे राहिले. सुशीलाबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, रामभाऊंची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. देवाची खोटी शपथ त्या घेणार नाहीत, हे रामभाऊंनाही माहीत होतं आणि मलाही.

नामदेवकाका म्हणाले, "बापू, मी नाही शपथ घेत."

"काऊन?"

"पोरीनं चिठ्ठी मागतली, साहेबानं देली. सरकारनं झाकलं ते तू मारुतीपाशी उघडं करतं काय? अन् बायामाणसायले देवापुढं उभं करतं?"

"म्हणजे तूच!"

"तसं समज."

"तसं समज म्हणजे? हो का नाही ते सांग ना बे!"

"तुले जे समजाचं ते समज. आता बाकीच्यायले कायले इचारतं? तुले तं माणूस सापडला." ते वळले, चपला पायात सरकवल्या आणि घराकडे चालू लागले. कोणी त्यांना अडवलं नाही.

त्यांनी खरंच विरोधात मत दिलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. मतं तीनच पडली होती, त्यामुळे ते एकटेच असणार नाहीत हे गावात कोणालाही मोजता आलं असतं. कोणी मोजलं नाही. एक नाव मिळालं, तेवढ्यावर सगळ्यांचं भागलं. पुढे पॅनलने त्यांना बैठकीला बोलावणं सोडलं. ते चहाच्या टपरीवर आले की बाकावरची माणसं उठून जायची. मी ते अनेकदा पाहिलं. त्यांच्याजवळ जाऊन बसावं, निदान एकदा विचारपूस करावी, असं दर वेळी मनात यायचं, आणि मी वाक्य तपासत राहायचे. गुप्त मतदान मी मागितलं. त्याची किंमत त्यांनी भरली, आणि मी त्यांना आजवर काहीही म्हटलेलं नाही.

आता माझी मुदत संपली आहे. पप्पा बोलू लागले आहेत, त्या दिवसाबद्दल सोडून सगळ्याबद्दल. शेजारच्या गावात मध्ये अविश्वासाची नोटीस निघाली, तेव्हा तिथल्या पॅनलने महिला सदस्यांनाही गाडीत घालून नेलं म्हणे, आणि त्यांच्यासाठी वेगळी गाडी केली. आमच्या भागात बायकांची अशी प्रगती झाली आहे.

त्या दिवशी पारावर, नामदेवकाका वळणावर दिसेनासे झाल्यावर, कोणीच जागचं हललं नाही. पुढच्याचं नाव बापूसाहेब घेतील की नाही, ते कळत नव्हतं. नारळ तसाच होता. मग माझ्या शेजारून सुशीलाबाई उठल्या. रामभाऊ एक पाऊल पुढे आले. मला वाटलं, या आता नारळाकडे जाणार.

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, नवऱ्याकडे पाहिलं आणि साध्या, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "नळ यायची येळ झाली. घरी बुढ्याशिवाय कोणी नाही. मी जातो."

आणि त्या शेवटच्या गल्लीकडे निघाल्या.